आई, ती म्हैस मीच आहे

कोलोन, जर्मनी
८ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला. जेवणखाण, ऑफिस, घर सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच चालू आहे, त्यामुळे ते परत लिहीत नाही. फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत भांडायला लागतो आणि बाबा 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवतात, म्हणून हे पत्र. दादाने वाचून दाखवावं, मध्ये पदरचं काही घालू नये.

मी फक्त वहिनीला पाठवलेला म्हशीच्या पोशाखातला फोटो घरच्या ग्रुपवर कसा गेला, हे मी विचारणार नाही. पण हो, शिंगांची ती काळी म्हैस मीच आहे. आत्याने "हिला तिकडे काय झालंय" असं लिहिलंय. आत्याला सांगा, काही झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात कार्निव्हलच्या सणाला या गावातली निम्मी माणसं अस्वल, जिराफ, कोंबडी होऊन ट्रामने फिरणार आहेत, त्यात बँकेतले साहेबसुद्धा असतात. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवतात, इथे माणसंच नटतात, एवढाच फरक.

त्यातल्या गुरुवारचा प्रकार मात्र नीट सांगते, कारण बाबांनी तो कुठेतरी व्हिडिओत अर्धाच बघितलाय. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो. तो सुरू व्हायच्या आधी हा कार्निव्हल. त्यातला पहिला मोठा दिवस म्हणजे हा गुरुवार, आणि तो बायकांचा. सकाळी बरोबर ११ वाजून ११ मिनिटांनी (तुमच्याकडे तेव्हा पावणेचार होत आलेले असतील) बायका कात्र्या घेऊन निघतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. हो, खरोखरचा टाय, खरोखरच्या कात्रीने. पुरुषांना हे ठाऊक असतं, म्हणून त्या दिवशी ते जुनापाना टाय घालून येतात. आमचे साहेब तर त्यासाठी जुन्या बाजारातून टाय आणतात. ज्याचा टाय कापला, त्याच्या गालाचा हलकासा पापा घ्यायचा, की झाली भरपाई. गालाचा, बाबा. सगळ्यांसमोर, एका सेकंदासाठी. आणि मी तेवढंही करत नाही, नुसती 'थँक्यू' म्हणते. याच्यामागे गोष्टही आहे. बॉन शहरात ऱ्हाईन नदीच्या पलीकडच्या काठावर बॉयेल म्हणून भाग आहे, पूर्वी ते वेगळं गाव होतं, तिथे कपडे धुणाऱ्या बायका असत. नवरे धुतलेले कपडे पोचवायला कोलोनला जायचे आणि तिकडेच कार्निव्हल करून यायचे, आणि या बायका मागे घाटावर धुणं बडवत. १८२४ साली त्यांनी आपलं वेगळं मंडळ काढलं. ते मंडळ अजून आहे. आई, हे ऐकून तुझा राग थोडा कमी होईल असं मला वाटतं. आजीला तर नक्की आवडेल.

आता "विकत मिळत नाहीत का असले कपडे, रात्र रात्र डोळे फोडायची काय गरज" याचं उत्तर. मिळतात, दुकानंच्या दुकानं भरलेली असतात. पण म्हैस मिळत नाही. गाय मिळते, तीही पांढरी-काळी ठिपक्यांची. मला पंढरपुरी हवी होती, मागे खांद्यापर्यंत जाणाऱ्या लांब शिंगांची. आणि तुझी मुलगी तयार कपडे घालून त्या गर्दीत उभी राहिली असती, तर तूच म्हणाली असतीस की माझं शिकवलेलं वाया गेलं.

बाबा, कापडाचं तुम्ही विचारलंत. फ्लीस म्हणतात त्याला. मागावरचं नव्हे, निटिंगचं, सगळं पॉलिस्टर. विणून झाल्यावर दोन्ही बाजूंना ब्रश मारून लव उठवतात. पुष्कळदा धागा प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेला असतो. पन्हा १५० सेंटीमीटर. तुमच्या मागवाल्या मित्रांना पटणार नाही, पण हे कुठेही कापा, दशा सुटत नाहीत. इंटरलॉक नको, काठ दुमडायला नको. मात्र इस्त्री टेकवायची नाही, वितळतं.

आई, तुझ्यासाठी शिवणाचं. लवेला दिशा असते. सगळे तुकडे एकाच अंगाने मांडून कापावे लागतात, नाहीतर एक पाय काळाभोर आणि दुसरा राखी दिसतो. सुई गोल टोकाची लागते, साध्या सुईने टाके सुटतात. टीप मोठी ठेवायची. अख्खा पोशाख म्हणजे टोपीपासून पायापर्यंत एकच झबलं समज, आत स्वेटर आणि जाकीट मावलं पाहिजे. म्हणून माप जाकिटावरून घेतलं, आणि खांद्यापासून आसनापर्यंतचं माप तू सांगतेस तसं बसून घेतलं. उभं राहून घेतलं असतं तर खाली बसताक्षणी टोपी मागे ओढली गेली असती. बगलेत कळी घातलीय. आसनाशी चार पदर एकत्र येतात, तिथे मशीन रडतं, तेवढा भाग हाताने चाक फिरवून पुढे नेला. पुढे लांब चेन आहे, खालपर्यंत, त्यामुळे तू मनात जे विचारलंस त्याची सोय झाली.

शिंगांनी वेळ खाल्ला. सरळ नळी शिवून कापूस भरला की ती गाजरासारखी उभी राहते. वाक यायला बाहेरची बाजू लांब आणि आतली आखूड कापली, लांब बाजूच्या काठाला बारीक बारीक चिमट्या घेतल्या आणि मग दोन्ही काठ एकमेकांना टाचले. तार मुद्दाम घातली नाही, गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागायची. शिंगांच्या वजनाने टोपी मागे घसरते म्हणून टोपीला दुहेरी कापड लावलं आणि हनुवटीखाली बटणाची पट्टी दिली. शेपटीचं टोक काळ्या लोकरीचं आहे, फोटोत दिसत नाही.

मशीन जुनं घेतलंय, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं. त्यांना हवं तेव्हा त्या येऊन पडदे शिवतात, म्हणजे अर्धं भाड्याचंच म्हण. ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतलं. तुमच्या पैशांना हात लावलेला नाही. या महिन्याचे पैसे उशिरा आले ते म्हशीमुळे नाही. हीटिंगचा वर्षाचा हिशेब एकदम आला, ते इथे सगळ्यांनाच येतं.

आणि रजा. "दिवाळीला यायला रजा नव्हती, जनावर व्हायला आहे" हे तू वहिनीला म्हणालीस, माझ्यापर्यंत आलं. आई, मी रजा घेतलेलीच नाही. गुरुवारी अकरानंतर ऑफिसात कोणी काम करत नाही आणि १६ तारखेच्या सोमवारी मोठी मिरवणूक असते, तेव्हा ऑफिस बंदच असतं. दिवाळीला इथे बंद नसतं, त्याला मी काय करू. फराळाचा डबा आला तेव्हा मी चकलीचा एक तुकडाही कुणाला दिला नाही, हे मी तुला सांगितलं नव्हतं.

मनीच्या लग्नाला यायचं बघतेय. मेमधली तिकिटं आत्ताच महाग आहेत, पण अजून नाही म्हटलेलं नाही. काकांना मी येतेय असं सांगू नका, आधी साहेबांशी बोलते. आहेर माझ्याकडून वेगळा धरा.

आत्याने आणलेल्या पुण्याच्या स्थळाचं वाचलं. मुलगा चांगला वाटतो, मी कधी वाईट म्हटलं? फक्त व्हिडिओ कॉल गुरुवारी संध्याकाळी नको. १५ तारखेला महाशिवरात्र, माझा उपास आहे, त्या दिवशी दुपारी चालेल. बोलेन नीट. पण पत्रिका जुळल्याबरोबर "ती पुढच्या वर्षी परत येणार आहे" असं कुणाला सांगू नका. ते माझं मला विचारा. आणि त्यांना फोटो पाठवायचा असेल तर जांभळ्या साडीतला पाठवा.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. आजीला नमस्कार, चिंटूला पापा.

तुमची,
शुभा

ता. क. मंगळवारी दादाच्या खात्यावर पैसे येतील, नेहमीच्याशिवाय जास्तीचे. ते आईच्या मोतीबिंदूचे आहेत. मागाच्या हप्त्यात घालू नका. डॉक्टरांकडची तारीख घेतली की मला लगेच कळवा, आणि आई, तोवर सुईत दोरा चिंटूकडून ओवून घे.