काकू, ते ठिपके तुम्हीच दाखवलेत

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायला गेलो असतो तर तुम्ही 'पुरे रे' म्हणून विषयच बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितो.

८ ऑक्टोबर २००० च्या रविवारी सकाळी जपानच्या सुझुका ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत मायकेल शूमाकर जिंकला. फेरारीचा ड्रायव्हर २१ वर्षांनी विश्वविजेता झाला आणि कोल्हापुरातल्या आमच्या घरात मी एकटाच नाचलो. त्याच आठवड्यात तुम्हाला जर्मनीत कोलोनला पत्र टाकलं : त्याची सही पाहिजे. त्याचं गाव केर्पेन तुमच्या जवळच, म्हणजे तुम्ही सहज जाऊन आणाल, अशी माझी समजूत!

जर्मनीत सही मागायची एक रीत आहे, हे तुमच्यामुळे कळलं. पत्रासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. सहीचं कार्ड त्यातून परत येतं. शाळकरी पोरानं जर्मन तिकीट आणायचं कुठून? तुम्ही तुमच्या पत्त्याचं पाकीट जोडलंत, पत्र जर्मनमध्ये लिहिलंत आणि 'पुतण्यासाठी' असंही घातलंत. कार्ड आलं, मी फ्रेम केलं, अख्ख्या वर्गाला दाखवलं.

मग तुम्ही सुट्टीला आलात. उभा जन्म छापखान्यात गेलेला, माझं पोस्टाच्या तिकिटांचं भिंग घेतलंत आणि म्हणालात, "अरे, ही छापलेली आहे." सहीच्या रेषेत बारीक ठिपके होते. खऱ्या शाईत ठिपके नसतात. कागद उजेडात तिरका धरला की पेन कुठून फिरलं ते चमकतं. दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नव्हतो. त्याची माफी याच पत्रात उरकतो.

पण त्यानंतर फसलो नाही. एकानं मला '१९९६ साली सही केलेली' फेरारीची टोपी दाखवली. पैसे काढूनच ठेवले होते. फोटो तुम्हाला पाठवला, तुम्ही तो छापखान्यातल्या तुमच्या सहकाऱ्याला दाखवलात आणि एका ओळीत उत्तर आलं : टोपीवर व्होडाफोन आहे, ते फेरारीकडे प्रायोजक म्हणून आले २००२ ला.

तुम्ही मला दिलेलं ते शर्यतीचं तिकीट त्याच सहकाऱ्याचं. बेल्जियममधला स्पा ट्रॅक, ३० ऑगस्ट १९९२. आदल्या वर्षी त्याच ट्रॅकवर शूमाकर पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला, जॉर्डनच्या गाडीतून सातव्या क्रमांकावरून सुटला आणि पहिल्याच फेरीत क्लच गेला. १९९२ ला तिथेच बेनेटनच्या गाडीतून तो जिंकला. ९१ विजयांतला हा पहिला. सहकाऱ्यानं तिकीट जपलं, पुढे कधीतरी त्यावर बॉलपेननं सही घेतली आणि निवृत्त होताना ते तुमच्या हातात ठेवलं. बदल्यात मागितलं काय, तर तुमच्या हातच्या चकल्या! तुम्ही ते दिवाळी अंकाच्या पानांत दाबून कोल्हापूरपर्यंत आणलंत. भिंग मी लावायच्या आधी तुम्हीच लावलंत.

२०१९ ला कोलोनच्या मोटरवर्ल्डमध्ये शूमाकरचा खासगी संग्रह दाखवायला नेलंत, ते गुडघे दुखत असताना. गाड्या, हेल्मेटं बघत मी दोन तास काढले आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "सगळ्या लालच की रे."

आणि २०२५ ची ती बातमी. माजी विश्वविजेता जॅकी स्ट्युअर्टनं डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) कामासाठी एका हेल्मेटवर हयात असलेल्या सगळ्या २० विश्वविजेत्यांच्या सह्या घेतल्या. डिसेंबर २०१३ च्या स्कीइंगच्या अपघातानंतर शूमाकर लोकांसमोर आलेलाच नाही. त्यानं पत्नी कोरिनाच्या मदतीनं त्यावर दोनच अक्षरं काढली, 'एमएस'. तुम्ही ती बातमी मला एक शब्दही न लिहिता पाठवलीत. त्या रात्री मी तिकीट बाहेर काढून बराच वेळ बघत बसलो होतो.

तुम्ही विचारलं होतं, फ्रेम केलंस का? नाही केलं. उन्हानं बॉलपेन उडतं. कपाटात आहे, आम्लरहित कागदात. पावसाळ्यात शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. आई म्हणते, तिच्या पैठणीचीही एवढी बडदास्त नाही. छापलेलं कार्ड मात्र अजून भिंतीवरच आहे.

तुमचा,
कोल्हापूरचा सहीवेडा पुतण्या