हात धुताना म्हणायची प्रार्थना

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

काल फोनवर म्हणालीस, "आई, रात्रपाळी लागली की प्रार्थना राहूनच जाते. घरी येऊन गुडघे टेकले की तिथंच झोप लागते." तुझ्या आवाजातली खंत मला लागून राहिली, म्हणून लिहितेय.

तुझे बाबा आयसीयूत होते तेव्हा मलाही प्रार्थना येईना. उपासनेत अर्धा अर्धा तास प्रार्थना चालवणारी मी, पण त्यांच्या खाटेशी एक वाक्य धड जुळेना. व्हेंटिलेटर त्यांच्यासाठी श्वास घेत होता. त्याच्या आवाजाबरोबर लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदाराचे शब्द ओठांवर आले, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." ते दिवस मी तेवढ्यावर काढले. पुढं कळलं की ही फार जुनी वाट आहे.

चौथ्या शतकात मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात राहणारे संन्यासी टोपल्या विणता विणता अशाच आखूड प्रार्थना करत. संत ऑगस्टिननं प्रोबा नावाच्या रोमी विधवेला साधारण 412 साली पत्र लिहिलं, त्यात त्यांचा उल्लेख आहे: त्यांच्या प्रार्थना बाणासारख्या सुटतात, कारण लांबल्या की मन ढिलं पडतं. मला हे फार पटतं. पूर्वेकडच्या मंडळ्यांत अशीच एक आखूड प्रार्थना श्वासाला जोडली गेली. श्वास आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पाप्यावर दया कर". ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरच्या मठांत आजही ती म्हणतात.

तुला एवढी लांब नको वाटली तर तेविसावं स्तोत्र घे. श्वास आत, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". बाहेर, "मला काही उणे पडणार नाही". पण मुद्दाम खोल श्वास ओढू नकोस, चक्कर येते हे तुला मी काय सांगावं! श्वास चालतो तसा चालू दे, शब्द त्याच्यामागून जाऊ देत. आणि रोज नवं वाक्य शोधू नकोस. एकच धर, महिनाभर.

व्यर्थ बडबड करू नका, असं प्रभूनंच सांगितलंय, हे तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय "माझ्यावर दया करा" असं पुन्हा पुन्हा ओरडत राहिला, लोक दटावत होते तरी. प्रभू त्याच्यासाठीच थांबला. देवाला मोजून दाखवायला म्हटलं तर ती बडबड. गरजेपोटी तेच तेच तोंडी येतं, त्याला मी बडबड म्हणणार नाही.

एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतेस ना, तेवढ्या वेळात चार-पाच श्वास होतात. तिथंच म्हण. पुढच्या खाटेवरच्या माणसाचं नाव घालून म्हटलंस तरी चालेल. झोप लागली तर लागू दे, त्याचं ओझं घेऊ नकोस.

बाबा अंगणात शेवग्याच्या शेंगा काढतायत, तुझ्यासाठी बाजूला ठेवते. कुठलं वाक्य धरलंस ते रविवारी फोनवर सांग, मीही तेच धरीन.

तुझी,
आई