तुळई काँक्रीटमध्ये गाडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात किनाऱ्यालगतच्या होम-स्टेपुढे आणि शेतघरांपुढे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उंचावलेला ओटा, बांधण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. डेकची तुळई काँक्रीटच्या खांबावर टेकवताना जो हलगर्जीपणा होतो, त्याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. त्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे.

दापोली तालुक्यातील आमच्या घरामागे चार पावसाळ्यांपूर्वी डेक झाला, तेव्हा ठेकेदाराने सागाच्या तुळईचे टोक खांबाच्या माथ्यात सहा इंच आत घेऊन भोवती काँक्रीट ओतले. 'आता हत्तीनेही हलणार नाही,' असे तो म्हणाला होता. हलली नाही हे खरे. पण यंदा गणपतीत कडेची फळी पायाखाली दबू लागली म्हणून सुताराला बोलावले, तर त्याची पटाशी काँक्रीटलगत सहज आत शिरली आणि ओल्या चहापत्तीसारखा भुगा बाहेर आला.

लाकूड सर्वाधिक पाणी पिते ते आपल्या कापलेल्या टोकातून, आणि नेमके तेच टोक आपण गाडतो. उन्हाळ्यात लाकूड आकसले की भोवती फट पडते, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस त्या फटीत उतरतो, आणि आत गेलेले पाणी वाळायला वाव राहत नाही. लाकडातील ओल वीस टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. सागाला काही होत नाही, हा समज गाभ्यापुरता ठीक आहे. बाहेरचा पांढरा भाग सागाचा असला तरी कुजतो आणि त्याला वाळवीही लागते.

जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असे, तो केवळ शोभेसाठी नव्हे, तर जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. डेकलाही तेच लागू आहे. काँक्रीटच्या खांबाचा माथा जमिनीपासून किमान अर्धा फूट वर ठेवून त्यात यू आकाराचा लोखंडी बूट, म्हणजे तुळई धरणारी बैठक, बोल्टने पक्का करावा, तुळई बुटाच्या तळपट्टीवर पूर्ण टेकवावी, आणि पट्टी व काँक्रीट यांच्यामध्ये हवा खेळेल एवढे अंतर राखावे. भार तळपट्टीने घ्यायचा असतो. आडवे बोल्ट तुळई जागेवर धरण्यासाठी असतात. दोन तुळयांचा जोड खांबावरच यावा आणि प्रत्येक टोकाला किमान तीन इंच बेअरिंग, म्हणजे टेकायला जागा, मिळावे. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे.

तुळई बोल्ट न लावता नुसतीच वर ठेवून देणारेही आहेत. डेकवर छप्पर असेल तर वारा ते वर उचलतो, हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात वेगळे सांगायला नको.

आम्हाला एका तुळईसाठी निम्म्या फळ्या उचकटाव्या लागल्या. डेक बांधून घेणाऱ्यांनी अंदाजपत्रकात बुटाची नोंद आहे का, हे काँक्रीट ओतण्यापूर्वी पाहावे, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी