आई-बाबा, या वर्षी पण भात उकडाच

प्रिय आई-बाबा,

आई तू फोनवर दर वेळी तेच विचारतेस, नीट जेवतेस ना, भात मिळतो का तिकडे, म्हणून आज सगळं लिहूनच टाकते. मिळतो गं, आणि चांगला कोंड्यासकट, पॉलिश न केलेला. ओफाडा म्हणतात त्याला. इथे नायजेरियात, लागोसच्या शेजारच्या ओगुन राज्यात ओफाडा नावाचं गावच आहे, पण आता आजूबाजूच्या योरुबा लोकांच्या मुलखात पण पिकतो. दाणा बुटका नि जाडा, अंगावर तांबूस रेघा, आणि शिजताना वास सुटतो तो आपल्या उकड्या तांदळापेक्षा कितीतरी उग्र. भात भिजत घालून मग उकडतात, त्या भिजण्यात तो जरा आंबतो, तिथनं तो वास. काहींना नाही सहन होत, मला मात्र त्यानेच भूक लागते.

मी लागोसमधल्या ओयिंग्बोच्या बाजारातनं आणते. तिथे किलोवर नाही, टोमॅटो पेस्टच्या रिकाम्या डब्याने मापतात, डेरिका म्हणतात त्याला. माझी एक ठरलेली बाई आहे, लांबूनच "कस्टमर, कस्टमर" करून बोलावते आणि प्रत्येक डब्यावर अशी शीग लावते की दाणे खाली ओघळतात.

खडे मात्र खूप असतात. आई तू रोवळीत रोळतेस ना, इकडे दोन भांडी घेतात, पाण्यासकट तांदूळ या भांड्यातून त्या भांड्यात हळूहळू ओतत राहायचं, खडे तळाला राहतात. मग भरपूर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचा, ते लालसर पाणी टाकून द्यायचं, परत धुवायचा आणि नव्या पाण्यात मीठ घालून मंद गॅसवर ठेवायचा. कुकर नाही लावत मी, वेळ लागतो पण दाणा अख्खा राहतो.

आणि त्याच्याबरोबर अयामासे, म्हणजे हिरव्या मिरच्यांचं कालवण, हवंच!! हिरव्या भोपळी मिरच्या, इकडची ती जहाल बुटकी मिरची पण हिरवीच, आणि कांदा, सगळं जाडसर वाटून पाणी आटवून घ्यायचं. लाल पाम तेल झाकण लावून तापवायचं, रंग उडेपर्यंत, आणि पूर्ण निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर घरभर धूर. मग त्यात कांदा, इरू, वाटलेली मिरची, आणि तेल वर येईपर्यंत परतत राहायचं. इरू म्हणजे एका झाडाच्या शेंगांच्या बिया उकडून आंबवलेल्या, वास जबरदस्त, पण त्याच्याशिवाय ती चवच येत नाही. इकडे गाईचं मटण नि वजडी घालतात, मी बकऱ्याचं घालते आणि उकडलेली अंडी. तेल पण मी कमीच घेते, काळजी नको.

बाबा, तुमच्यासाठी एक. आफ्रिकेचा स्वतःचा वेगळा तांदूळ आहे, आपल्या भातापेक्षा जातच वेगळी, मालीमध्ये नायजर नदीच्या पाणथळ भागात साधारण 3000 वर्षांपूर्वी लोकांनी लागवडीत आणलेला. पिकला की दाणे झडतात, उत्पन्न कमी, म्हणून आशियातल्या भाताने त्याला मागे सारलं. 1990 च्या दशकात मॉन्टी जोन्स या सिएरा लिओनच्या शास्त्रज्ञाने दोन्हींचा संकर जमवला, त्याला 2004 मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. ओफाडा म्हणून जो विकतात त्यात दोन्हीकडची वाणं असतात, मिसळलेली सुद्धा.

आता मुद्द्याचं बोलते. काकी सांगत होती की तुम्ही या वर्षी भात उकडणार नाही, सगळा गिरणीतून पांढरा करून आणणार. आईचं कंबर दुखतं, तो हंडा उचलणं, चटईवर वाळत घालणं, पावसाची सर आली की धावणं, हे मला कळतंय आणि आईने ते करू पण नये. पण म्हणून उकडा बंद नका ना करू. इकडे एवढी वर्षं बाहेरचा पांढरा तांदूळ आला तरी लोकांनी ओफाडा सोडला नाही, चांगल्या श्रीमंत लग्नात पानात गुंडाळून मानाने वाढतात आणि इतर तांदळापेक्षा पैसे जास्त देऊन घेतात. आपल्याकडे घरच्या शेतात पिकतोय आणि आपणच सोडायचा? शिवाय बाबांच्या शुगरला कोंडा असलेला बरा, अर्थात भात तो भातच, बाबा, वाढून घेताना हात आखडताच ठेवा.

तर वाडीतल्या कोणाला तरी मजुरी देऊन उकडून घ्या, वाळवायला पण माणूस लावा, पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको. सगळा नाही तर निदान घरच्यापुरता. मे महिन्यात मी येतेय, रोज सकाळी पेज नि खारातली कैरी एवढंच खाणार आहे, बाकी काही करत बसू नकोस गं आई. कोण मिळतंय ते काकीला विचारून रविवारच्या फोनवर सांगा.

तुमचीच,
सोनू