कात टाकणारा कॅमेलिअन

प्रिय सुहास,

तुझ्या कॅमेलिअनच्या, म्हणजे त्या रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, अंगावर पांढुरकं काय आलंय आणि ते चिमट्याने काढू का, असं विचारून पाठवलेला फोटो नीट मोठा करून पाहिला. बुरशी नाही आणि भाजलेलंही नाही. तुझ्या पठ्ठ्याने कात टाकायला घेतली आहे, एवढंच. तेव्हा पहिलं काम म्हणजे हातातला चिमटा खाली ठेव.

बुरशी किंवा भाजणं कसं ओळखायचं ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी घाबरणार नाहीस. कातीचा पांढुरकेपणा बहुतेक सगळ्या अंगावर एकदम येतो आणि त्याखाली खवल्यांची नक्षी जशीच्या तशी दिसते. दिव्याने भाजलं तर डाग एकाच जागी पडतो. ही जागा बहुधा पाठीचा कणा किंवा डोक्यावरचा टोप असते, म्हणजे दिव्याला सगळ्यात जवळचा भाग. तिथे आधी रंग बिघडतो, मग फोड येतो किंवा काळपट खपली धरते. बुरशीचे चट्टे पिवळट-तपकिरी, जाडसर, खवले खाऊन टाकल्यासारखे दिसतात आणि दर आठवड्याला पसरतात. कात पसरत बसत नाही. ती येते आणि जाते.

सापासारखी अख्खी का निघत नाही, असं विचारलंस. सापाचं अंग म्हणजे सरळ नळी, त्यामुळे कात मोज्यासारखी उलटी होऊन निघते. याला चार पाय, वीस बोटं, गुंडाळणारी शेपूट, शंकूसारखे डोळे. इतक्या वळणांवरून एकसंध कात निघायची कशी? म्हणून ती जागोजागी फाटते आणि तुकड्यातुकड्याने गळते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर केराटिनचा (आपली नखं ज्याची असतात ते), म्हणजे मेलेला. तो अंगाबरोबर वाढत नाही. त्याच्याखाली नवा थर पुरता तयार झाला की दोघांच्या मध्ये द्रव झिरपतो, जुन्याची पकड सुटते आणि तो धुरकट दिसू लागतो. रंग कातीबरोबर जात नाही. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथर जातीच्या कॅमेलिअनवर दाखवून दिलं, की त्वचेतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त करून तो रंग पालटतो. हे स्फटिक कातीखालच्या जिवंत त्वचेत असतात. खाली पडलेला एखादा पोपडा उचलून उजेडासमोर धर. ट्रेसिंग पेपरसारखा बिनरंगी असतो आणि त्यावर प्रत्येक खवल्याचा ठसा उमटलेला असतो.

‘मधला द्रव’ ही गोष्ट लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जनावराच्या अंगात पाणी कमी असेल तर तो द्रव पुरत नाही आणि जुना थर नव्याला चिकटून राहतो. म्हणजे कात अडकली की ती सोलायची नसते, पाणी कुठे कमी पडलं ते शोधायचं असतं.

नेहमीची कात अशी जाते: दोन-तीन दिवस आधी रंग मळतो, भूक कमी होते, स्वभाव चिडका होतो. मग तो फांद्यांवर अंग घासतो, मागच्या पायाने खाजवतो, डोळा फुग्यासारखा फुगवून खोडावर दाबतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण ही त्याची पापणी साफ करायची पद्धत आहे. धड एका दिवसात मोकळं होतं. डोकं आणि पाय मागे राहतात. पिल्लांचं काम काही तासांतही उरकतं, मोठ्यांना दोन-तीन दिवस लागतात. वाढत्या पिल्लात ही पाळी दर तीन-चार आठवड्यांनी येते. वाढ थांबली की अंतर दोन-तीन महिन्यांपर्यंत जातं आणि त्यात काही नियम राहत नाही. तुझा दहा महिन्यांचा आहे, तेव्हा आता मधले दिवस वाढले तर काळजी करू नकोस.

आता पाणी. तुझ्याकडच्या व्हेल्ड जातीच्या कॅमेलिअनला दिवसा ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरते, रात्री ८० च्या वर हवी. मात्र रात्रीचा ओलावा थंड हवेतच द्यायचा, तापमान २२ अंशांच्या खाली असेल तेव्हा. ऊबदार, ओली आणि कोंदट हवा म्हणजे फुप्फुसाच्या संसर्गाला आमंत्रण. कात टाकतोय म्हणून पिंजऱ्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळणारे लोक नेमकं हेच करून बसतात. पहाटे दिवे लागण्याआधी दोन मिनिटं आणि रात्री दिवे बंद झाल्यावर दोन मिनिटं बारीक फवारा दे. दुपारी पानांवर ठिबक लाव, सेकंदाला एक-दोन थेंब, वीस-तीस मिनिटं. मधल्या वेळात पानं वाळली पाहिजेत. कात चालू असताना फार तर दुपारी एक मिनिटाचा फवारा वाढव, तोही पानांवर. अंगावर थेट पिचकारी मारलीस तर तो डोळे मिटून, अंग चोरून बसेल आणि पाणी प्यायचा नाही. आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर डिजिटल घे, काटेवाला भरवशाचा नसतो, आणि तो फवाऱ्याच्या तोंडाखाली न टांगता कॅमेलिअन जिथे झोपतो त्या फांदीजवळ टांग.

पाणी पुरतंय की नाही हे विष्ठा सांगते. तिच्यासोबत येणारा लघवीचा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक. टोकाला जरासा पिवळा चालतो. सगळाच पिवळा-केशरी असेल किंवा डोळे आत गेले असतील तर तहान साचली आहे.

फांद्यांचाही हात असतो यात. तुझ्या पिंजऱ्यात गुळगुळीत प्लास्टिकच्या वेली दिसल्या. घासायला खरबरीत सालीची खरी फांदी हवी, निदान दोन जाडीच्या. शिवाय या दिवसांत किडे निम्मेच टाक आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नकोस. ते सैल कातीच्या कडा कुरतडता कुरतडता ताज्या कातडीपर्यंत पोचतात.

पाठीवर, पोटावर दोन-चार पोपडे आठवडाभर लटकत राहिले तर राहू दे, दिसायला वाईट एवढंच. खरा धोका बोटांना आणि शेपटीच्या टोकाला. तिथे उरलेली कात अंगठीसारखी वेढा घालते आणि वाळता वाळता आवळते. रक्त अडतं, टोक आधी सुजतं, मग काळं पडतं आणि झडतं. पालीची शेपूट पुन्हा येते, याची येत नाही. म्हणून धड मोकळं झालं की मोजणी कर. पुढच्या पायात आतल्या जुडीत तीन बोटं आणि बाहेरच्या जुडीत दोन, मागच्या पायात बरोबर उलटं. वीसच्या वीस नखं दिसली पाहिजेत. त्याला पकडायची गरज नाही. जाळीवर चढला की बाहेरून तळवे दिसतात. शेपूट दिवसा, सरळ असताना बघ. झोपेत ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि वेढा आतच लपतो.

चौथ्या दिवशीही वेढा दिसला तर आधी आंघोळ. टबात बुडवायचं नाही, तो पोहणारा प्राणी नव्हे. कुंडीतलं पानाळ झाड न्हाणीघरात ठेव, त्याला त्यावर बसव, कोमट पाण्याचा शॉवर समोरच्या भिंतीवर मार, म्हणजे फक्त तुषार त्याच्यापर्यंत येतील. वीस मिनिटं पुरे. पाणी हाताला गरम लागता कामा नये आणि पूर्ण वेळ तू तिथे हवास. मग कापसाचा ओला बोळा बोटावर मिनिटभर टेकवून ठेव आणि कानकाडीने कडेपासून नखाकडे हलकेच लोटत जा. ओढायचं नाही. सुटत नसेल तर खालचा थर तयार नाही. थांब आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. घाईने ओढलेल्या कातीखाली ओली, लाल जखम उघडी पडते. तेल, व्हॅसलीन, माणसांची मलमं लावू नकोस. डोळ्याला तर बोटही लावायचं नाही. फवाऱ्याची वेळ थोडी वाढव, तो स्वतःच डोळा फुगवून कात काढेल.

दर वेळीच अडकत असेल तर कारण खोल असतं: अ जीवनसत्त्वाची कमतरता (यात पापण्याही सुजतात), जुनी झालेली यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब, जंत, मूत्रपिंडाचा त्रास. पण अ जीवनसत्त्व मनाने पाजू नकोस, ते जास्त झालं तरी कातडी सोलवटते. रोजच्या किड्यांवर साधं कॅल्शियम आणि पंधरा दिवसांतून एकदा मल्टिव्हिटॅमिन एवढं नियमाने ठेव.

बोट सुजलं किंवा काळवंडलं, दिवसा डोळे मिटून बसू लागला, किंवा कात संपून तीन-चार दिवस झाले तरी खात नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडेच ने. काळं बोट घरच्या उपायांनी सुधारत नाही आणि प्रत्येक दिवशी काळेपणा वर चढतो.

बाकी त्याला बसू दे निवांत. तीन दिवसांनी चारही पायांचे फोटो पाठव, नखं दिसतील असे, आणि सोबत शेपटीच्या टोकाचा एक, दिवसाउजेडी काढलेला.

तुझा,
अविनाश