ती. आबांना, पिटलॉक्रीहून

पिटलॉक्री, स्कॉटलंड

ती. आबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुमच्याशी बोलल्यापासून मनाला चैन नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. फोनवर तात्याकाकांचा आणि बांधाच्या भांडणाचा विषय निघाला की तुमचा आवाज चढतो आणि माझं सांगायचं राहून जातं.

आमच्या घरमालकांबद्दल आईला बोलले होते. ऐंशी ओलांडलेले गृहस्थ, इथल्या जुन्या जमीनदार घराण्यातले. दगडी वाडा केवढा तरी, पण थंडीत तीन खोल्याच वापरतात, आणि त्यातही अंगात कोट नि पायात गमबूट. आजोबांच्या काळापासून त्यांच्या घरात पावसाची वही आहे. रोज सकाळी नऊला पर्जन्यमापकातलं पाणी बघायचं आणि मांडून ठेवायचं, आधी इंचांत, आता मिलिमीटरमध्ये. घरच्या बातम्याही त्याच ओळीत. मला एक पान काढून दाखवलं: '11 मिलिमीटर. धाकट्या बहिणीचं लग्न. दुपारनंतर उघडलं. जावई बरा वाटतो.' हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही कालनिर्णयवर म्हैस व्यायल्याची नोंद आणि मृगाचा पहिला पाऊस एकाच चौकटीत लिहिता, हे त्यांना सांगितलं, तर केवढे खूश झाले! म्हणाले, "वडिलांना सांग, वही जपून ठेवा. पोरं आठवणी बदलून सांगतात, वही तसं करत नाही."

त्यांचं बोलणं सगळं असंच. बागेत रोपांना जाळी बांधता बांधता परवा म्हणाले, "नातेवाईक आणि हरणं सारखीच. लांबून बघायला फार छान, पण एका रात्रीत कोवळं काही ठेवत नाहीत." इकडे पूर्वी थोरल्याला अख्खी जमीन देण्याची रीत होती, वाटण्या नसत. मग बाकीच्यांनी काय करायचं, विचारलं. म्हणाले, "दुसऱ्याला फौज, तिसऱ्याला चर्च, चौथ्याला हिंदुस्थान." हे मात्र खरंच आहे, आबा. पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता तो एल्फिन्स्टन, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, तो स्कॉटलंडमधल्या एका लॉर्डचा चौथा मुलगा. घरात जमीन मिळाली असती तर पुण्यात कशाला आला असता!

पण लिहायचं होतं ते ब्लेअरच्या किल्ल्याचं. इथून जवळच आहे, पांढराशुभ्र, ॲथॉलच्या ड्यूकांचं पिढीजात घर. 1746 मध्ये इथे जुन्या स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून बंड चालू होतं. ड्यूकच्या घरातला हयात भावांत थोरला आधीच्या बंडात सामील झाला म्हणून त्याचा हक्क काढून ड्यूकपद मधल्या जेम्सला दिलेलं. जेम्स सरकारच्या बाजूने, थोरला आणि धाकटा जॉर्ज बंडखोरांच्या. जॉर्ज तर त्यांचा सेनापती. किल्ल्यात सरकारी शिबंदी बसली, तेव्हा ह्या जॉर्जने आपल्याच घराला वेढा घातला! तोफगोळे लालबुंद तापवून छपरावर टाकायचे, म्हणजे घर पेटेल. आतले शिपाई ते गोळे लोखंडी पळीने उचलून पाण्यात बुडवायचे. घरमालक हे सांगताना स्वतः उठले, शेगडीजवळची पळी घेतली आणि गोळा कसा उचलायचा ते वाकून करून दाखवलं. मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, "ज्या खोलीत लहानपणी झोपला असेल, त्याच खोलीवर नेम धरायचा. भाऊच हे करू शकतो. परक्याला खोल्या माहीत नसतात."

वेढा दोनेक आठवड्यांत उठला, बंड मोडलं, जॉर्ज परागंदा होऊन हॉलंडमध्ये वारला. आणि पुढे काय झालं? जेम्सला मुलगा उरला नाही. त्याच्या मुलीचं लग्न जॉर्जच्या मुलाशी झालं (त्यांच्यात चुलत भावंडांत चालतं) आणि तोच तिसरा ड्यूक झाला. ज्याने घरावर गोळे टाकले, त्याच्याच मुलाकडे घर आलं.

त्या जेम्सच्या काळातली, 1738 ची लार्चची रोपं. सुरुसारखं सुईच्या पानांचं झाड, पण हिवाळ्याआधी पिवळं होऊन पानं गाळतं. त्यातलं एक डंकेल्डच्या चर्चशेजारी अजून उभं आहे. मी त्याच्या बुंध्याला हात लावून आले. जॉर्जचा नातू, चौथा ड्यूक, याने त्या झाडांची डोंगरच्या डोंगर लागवड केली. कड्यावर माणूस चढेना, तर बिया तोफेत भरून उडवल्या, असं इथे सांगतात. आजोबाने तोफ घरावर लावली आणि नातवाने डोंगरावर.

1996 मध्ये त्या घराण्याचा अविवाहित ड्यूक गेला आणि किताब लांबच्या भावाकडे, थेट दक्षिण आफ्रिकेत गेला. तो गृहस्थ जमिनीची मोजणी करणारा! दरवर्षी येऊन घराण्याच्या खाजगी फौजेची पाहणी करायचा आणि परत जायचा.

आबा, आपल्याकडेही मोजणी येणार आहे म्हणता. येऊ द्या. बांध जिकडे सरकायचा तिकडे सरकेल. पण बांधावरचे दोन्ही आंबे अण्णांनी लावलेत, तुम्ही नाही आणि तात्यांनीही नाही. तात्या रागाच्या भरात तोडायचं बोलले, तुम्हीही "मग तोडच" म्हणालात. त्या आंब्याखाली आम्ही सहाही पोरं वाढलो. तात्यांची पोरं मला परकी वाटत नाहीत, आणि तुम्ही दोघांनी तसं वाटायला लावू नका, एवढं हात जोडून सांगते. मोजणीच्या दिवशी सकाळी काकूंसकट तात्यांना चहाला घरी बोलवा. तुम्ही थोरले आहात, तुम्हीच बोलवा. आंबे निम्मे निम्मे, हद्द कुठेही येवो, हे मोजणी सुरू व्हायच्या आधी तुमच्या तोंडून जाऊ दे.

आई, तू पोहे कर. तात्यांना तुझ्या हातचे आवडतात.

पैसे नेहमीप्रमाणे पाठवले आहेत. गुडघ्याचं औषध मध्येच बंद करू नका. यंदा तिकडे पाऊस किती झाला ते कळवा, घरमालकांनी मुद्दाम विचारलंय. वहीत आपल्या गावासाठी एक ओळ ठेवणार आहेत.

तुमची,
शालू