टायटल साँग पूर्ण वाजू द्या

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

परवा पेपरात एका नव्या मालिकेची पानभर जाहिरात बघितली, सगळ्या कलाकारांचे फोटो होते पण टायटल साँग कुणी लिहिलं, चाल कुणाची, गायलंय कुणी हे कुठंच नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो. १९९९ ला अल्फा मराठीवर 'आभाळमाया' सुरू झाली तेव्हा आई घरीच बिड्या वळायची, मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, हजार बिडी भरल्याशिवाय उठायचं नाही. त्यामुळं टीव्हीकडं मान वर करून बघायला तिला सवडच नसायची, मालिका ती नुसती ऐकायची. पण देवकी पंडितांचा आवाज सुरू झाला की दोरा बोटात तसाच धरून ती थांबायची, गाणं संपलं की परत हात चालू. एकदा मला विचारलं, 'आस' म्हंजे काय रे? मी म्हटलं, आशा. तर म्हणाली, मग हे आपलंच की, आपण पण आशाच म्हणतो! आई शाळेत कधी गेली नाही, मराठी बाजारात आणि या गाण्यांतून शिकली. मंगेश कुलकर्णींचे शब्द आणि अशोक पत्कींची चाल तिला आजही तोंडपाठ आहे, मालिकेत कोण कुणाचं काय लागत होतं ते मात्र पार विसरली.

आता काय होतं, गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं, दोन ओळी आणि लगेच एपिसोड, नावं तर इतकी पळतात की चष्मा लावून पण वाचता येत नाहीत. ॲपवर तर स्किपचं बटणच असतं, पोरं पहिली ओळसुद्धा ऐकत नाहीत. आणि वाचवलेला वेळ कशाला, तर एकाच चेहऱ्यावर तीन-तीनदा झूम करून ढॅण ढॅण वाजवायला! माणूस नुसता दारात उभा राहिला तरी ढोल, मग खरंच काही घडलं की वाजवणार काय? दोन माणसं गप्प बसलीयत तर बसू द्या ना, ती शांतता पण आम्हाला कळते.

चॅनलवाल्यांनी रोज नको, निदान सोमवारी तरी पूर्ण गाणं दाखवावं. आणि तुम्हाला विनंती एवढीच, नव्या मालिकेची बातमी देताना गीतकार, संगीतकार आणि गायकाचं नाव पण छापत जा. मी ते आईला वाचून दाखवीन, ती हमखास विचारते, कुणी गायलंय रे.

आपला नियमित वाचक,
पूर्व भाग, सोलापूर